ब्रेक नसलेल्या गाड्यांचा एक अख्खा उन्हाळा: ग्लासगो टायगर्स, सीझन २०२३

स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, पहिल्या मॅचला मी आठव्या हीटनंतर (हीट म्हणजे मॅचमधली एक रेस) उठून घरी निघालो होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कौतुक वाचून कुणी म्हणायला नको की हा काय, आधीपासूनचाच वेडा असणार. थंडी मरणाची, इथला वसंत म्हणजे आपल्याकडचा महाबळेश्वरचा जानेवारी, एक रेस जेमतेम एका मिनिटात संपते, मग पुढची सुरू होईपर्यंत नुसतं उभं राहायचं, मध्येच ट्रॅक्टर येऊन गोल गोल फिरतो, लाउडस्पीकरवरच्या माणसाचं बोलणं ग्लासगोत तीन वर्षं काढूनही मला अर्धंच कळतं, आणि जो पहिल्या वळणावर पुढे गेला तोच बहुतेक वेळा शेवटी पुढे. म्हटलं एवढ्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ घालवायची?

पण आबा उठेनात. आबा म्हणजे माझे वडील, वय ७१, वाळवा तालुक्यातले, व्हिजिटर व्हिसावर आलेले, आणि घरात बसून बसून बायकोच्या मीटिंगमध्ये मागून "चहा झाला का गं" असं ओरडायला लागले होते म्हणून मी त्यांना कुठंतरी न्यायचं म्हणून नेलेलं. ते जाळीपाशी जाऊन आले आणि मला म्हणाले, "आरं, ह्या गाड्यांना ब्रेकच न्हाईत की. बस खाली, बघूया."

तर हा रिव्ह्यू त्या सीझनचा. ब्रिटनमधली स्पीडवेची दुसऱ्या नंबरची लीग, जिला २०१७ पासून 'चॅम्पियनशिप' म्हणतात (नाव ऐकून पहिल्या नंबरची वाटते, पहिल्या नंबरची प्रीमियरशिप, फुटबॉलवाल्यांचंच गोंधळाचं नामकरण यांनी उचललंय). आम्ही धरली ती टीम ग्लासगो टायगर्स, कारण घरापासून जवळ, दुसरं कारण नाही.

ज्यांनी स्पीडवे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंडाकृती ट्रॅक, डांबर नाही, बारीक खडीमातीसारखा थर, त्याला शेल म्हणतात. चार रायडर, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं. गाडी ५०० सीसी, एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, एकच गिअर, इंधन पेट्रोल नाही तर मेथनॉल, वजन कमीत कमी ७७ किलो, म्हणजे आपल्याकडच्या साध्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षाही हलकी. आणि ब्रेक खरंच नाहीत, पुढे नाही मागे नाही. वळण आलं की रायडर गाडी मुद्दाम आडवी घालतो, मागचं चाक बाहेर फेकलं जातं, हँडल उजवीकडे आणि गाडी वळतेय डावीकडे, डावा पाय जमिनीवर घासत, त्या बुटाला खाली पोलादी तळ बांधलेला. ॲक्सिलरेटर सोडून नाही तर वाढवून वळायचं. हे मला वाचून कळलं नव्हतं, दहा फुटांवरून बघितल्यावर कळलं, तेही तिसऱ्या मॅचला.

पहिला आला की ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. एका हीटमध्ये दोन घरचे, दोन पाहुणे. अशा १५ हीट. हिशोब सोपा, एका हीटला ६ पॉइंट म्हणजे पूर्ण मॅचचे ९०, ज्याचे ४६ झाले तो जिंकला. घरच्यांचे दोघंही पुढे आले तर ५-१, आणि "फाइव्ह-वन" हा शब्द आमच्या घरात त्या उन्हाळ्यात इतका रुळला की आबा कुकरच्या शिट्ट्यांनासुद्धा म्हणायला लागले.

आता खरा मुद्दा. एक मॅच बघून या खेळाबद्दल मत बनवू नका, आणि एक मॅच बघायची असेल तर खरं सांगतो, जाऊच नका. कारण एका मॅचमध्ये तुम्हाला दिसतात चार हेल्मेटं. घरचे लाल आणि निळं, पाहुणे पांढरं आणि पिवळं. बस. माणूस कोण, कुणाची गाडी गेल्या आठवड्यात बंद पडली, कोण खांदा मोडून परत आलाय, कुणाला आतली जागा आवडते आणि कुणाला बाहेरून भिंतीला चिकटून जायची खोड आहे, यातलं काही कळत नाही. हे सगळं कळायला लागतं पाचव्या-सहाव्या मॅचपासून, आणि ते कळण्याचं साधन म्हणजे तो प्रोग्रॅम.

प्रोग्रॅम म्हणजे गेटवर विकत मिळणारं छोटं पुस्तक. त्यात पंधरा हीटचे रिकामे तक्ते असतात, कोण कुठल्या गेटवरून, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या जागेवरून, सुटणार ते आधीच छापलेलं, आणि पॉइंट प्रेक्षकांनी स्वतः भरायचे. मोबाइलवर सगळं दिसत असताना लोक गळ्यात पेन अडकवून येतात आणि प्रत्येक हीटनंतर अख्खं स्टँड मान खाली घालून लिहितं, परीक्षेचा हॉल वाटतो. आमच्या शेजारी एक आजी बसायच्या, गुडघ्यावर ब्लँकेट, हातात चार रंगांचं पेन. त्यांना मराठी येत नाही, आबांना इंग्रजी "थँक्यू" पलीकडे नाही आणि आजींचं इंग्रजी तर मलाच कळत नव्हतं, तरी दोन मॅचमध्ये त्यांनी आबांना सगळं भरायला शिकवलं. कुणी सुरुवातीला आडव्या ताणलेल्या टेपला हात लावला तर काय लिहायचं, कुणी पडला तर काय, रेफरीनं बाहेर काढला तर काय. बोनस पॉइंटसुद्धा, म्हणजे आपल्याच जोडीदाराच्या मागं दुसरा आलास तर तो अडवला गेला नाही, जोडीदाराला सांभाळून आला असं धरून त्याच्या नावावर एक जादा पॉइंट चढतो, तो टीमच्या बेरजेत धरत नाहीत पण त्याच्या सरासरीत आणि पैशात धरतात. १०+२ असं लिहितात. हे आबांना इतकं पटलं, म्हणाले मागं राहून साथ दिल्याचं कुणीतरी मोजतंय हे बरं हाय.

आणि पैशावरून आठवलं. या लीगमधले रायडर पॉइंटवर पैसे कमावतात. गाडी स्वतःची, इंजिन ट्यून करायचा खर्च स्वतःचा, व्हॅन स्वतःची, मेकॅनिक म्हणून बऱ्याचदा भाऊ नाहीतर बाप. बरेच जण दिवसा दुसरं काम करतात. मॅचला शून्यावर गेलास तर डिझेल-टायर तुझ्याच खिशातून. टायगर्सना घराबाहेरची सगळ्यात लांबची मॅच प्लिमथला, म्हणजे ग्लासगोपासून आठशेच्या घरात किलोमीटर, आपल्या सांगलीतून नागपूरला रात्रभर गाडी मारत जायचं, चार वेळा एकेक मिनिट रेस करायची आणि परत यायचं, आणि शुक्रवारी परत इथं हजर. वरच्या लीगमध्ये निदान नाव होतं, पोलंडला तर खरा पैसा आहे. इथं दुसऱ्या लीगमध्ये तुम्ही बघता ती माणसं एकतर वर चाललेली असतात, नाहीतर वरून खाली आलेली, नाहीतर ज्यांना माहिती आहे की आपण इथंच राहणार आणि तरी दर शुक्रवारी व्हॅन भरतात. मला ही तिसरी जात सगळ्यात आवडली.

वर चाललेल्यांचं म्हणाल तर डॅन ब्यूली हा पोरगा याच लीगमध्ये वर्किंग्टनकडून धावायचा, आणि २०२२ ला त्यानं वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली कार्डिफची ग्रां प्री जिंकली. तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला टाय वॉफिंडनसुद्धा आधी राय हाउसकडून याच पायरीवर होता. त्यामुळे स्टँडमधले जुने लोक रिझर्व्हला धावणाऱ्या पोरांकडे असं बघतात की जणू द्राक्षबागेतला काडीचा घड बघतायत, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. (दुसरी हीट खास रिझर्व्ह पोरांचीच असते, ती चुकवू नका, तिथं पडझड जास्त होते आणि ओव्हरटेकिंगही.)

आता जागेबद्दल. टायगर्सचं मैदान ॲशफील्ड स्टेडियम, पॉसिलपार्क भागात. क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून मेरीहिलची लोकल धरायची, पहिलंच स्टेशन ॲशफील्ड, उतरून चालत. भाग काही पर्यटकांनी फोटो काढावेत असा नाही, पण आम्हाला कधी कसला त्रास झाला नाही. ट्रॅक ३०२ मीटरचा. १९९९ पासून टायगर्स इथं आहेत, त्याआधी व्हाइट सिटी, हॅम्पडेन पार्क, कोटब्रिज, ब्लँटायर, शॉफील्ड, नुसतं बिऱ्हाड पाठीवर. शेजारच्या आजी लहानपणी वडिलांबरोबर हॅम्पडेनला जायच्या, तेच हॅम्पडेन जिथं स्कॉटलंडची फुटबॉल टीम खेळते, तिथं १९६९ ते ७२ शुक्रवारी या गाड्या पळायच्या. त्या सीझनला क्लब टॅक्सी बनवणाऱ्या एका स्थानिक उद्योजक घराण्याच्या, फॅचेना बंधूंच्या मालकीचा होता आणि त्यांनी इथं भरपूर पैसा घातलाय हे बसल्या जागी दिसायचं, बाकीचे ट्रॅक बघितल्यावर तर फारच.

या मैदानाचा स्वतःचा इतिहास टायगर्सपेक्षा वेगळा आहे. १९४९ मध्ये इथं ॲशफील्ड जायंट्स म्हणून टीम होती, ती चालवायचे जॉनी हॉस्किन्स. हे तेच गृहस्थ ज्यांनी डिसेंबर १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडच्या जत्रेच्या मैदानावर मोटरसायकली पळवल्या आणि जिथून हा खेळ सुरू झाला असं मानतात. म्हणजे आम्ही बघत होतो तो सीझन बरोब्बर शंभराव्या वर्षातला. जायंट्सकडे केन ले ब्रेटन नावाचा ऑस्ट्रेलियन होता, तो काळ्या चामड्याच्या जमान्यात पांढरे लेदर घालायचा, त्याला व्हाइट घोस्ट म्हणायचे. जानेवारी १९५१ मध्ये सिडनीत रेसमध्ये पडून गेला. आजी त्याच्याबद्दल असं बोलत होत्या की जणू गेल्या महिन्यात गेलाय, आणि त्यांनी तर त्याला बघितलेलंही नसणार.

आबांचं म्हणाल तर त्यांना इतिहासात रस नव्हता, त्यांना इंजिनात होता. आमच्याकडे येझदी रोडकिंग होती, माझ्या शाळेपर्यंत. मी त्यांना सांगितलं की यातली बरीच वर्षं गाजलेली इंजिनं जावाची, चेक देशातली, तीच जावा जिच्या गाड्या म्हैसूरला बनायच्या आणि जिची पुढं येझदी झाली. झालं. त्या दिवसापासून टायगर्स वगैरे बाजूला, मॅच संपली की आबा पिट्सच्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या जागेच्या, जाळीपाशी. आता बहुतेकांकडे इटालियन जीएमची इंजिनं असतात हे कळल्यावर थोडे नाराज झाले, पण वास! मेथनॉल आणि एरंडेलच्या जातीचं ऑइल जळल्याचा जो गोडसर वास येतो तो बाटलीत भरून मिळाला असता तर त्यांनी गावी नेला असता. एकदा एका रायडरच्या वडिलांनी त्यांना आत बोलावून गाडी धरायला दिली. ७७ किलो कसलं, सायकल वाटती, म्हणाले. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, रायडर पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं, ते बघून म्हणाले हे आपल्याकडं ट्रॅक्टरला पायजे. हे असं आत जायला मिळणं, हात लावायला मिळणं, हे वरच्या दर्जाच्या कुठल्याच खेळात मिळणार नाही, आयपीएलला तुम्ही बाउंड्रीच्या दोरीपाशीसुद्धा जाऊ शकत नाही.

आणि मग मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीच्या बाजूनं निकाल दिला. १८ मे, २०२३. गावाकडून आबांना फोनवर फोन, व्हॉट्सॲपवर गुलालाचे फोटो. त्या आठवड्यापासून आबांनी स्पीडवे पूर्ण शर्यतीच्या भाषेत बघायला सुरुवात केली आणि खरं सांगू का, मला खेळ खऱ्या अर्थानं तेव्हा समजला. गेट म्हणजे फाटी, शर्यतीतली आपापली पट्टी. कुणाला कुठली फाटी लागली यावर अर्धी शर्यत. टेप वर जायच्या आधी जो टेपला भिडला तो बाद, इथं ब्रिटनमध्ये पूर्ण बाद नाही करत, पंधरा मीटर मागून सोडतात नाहीतर त्याच्या जागी रिझर्व्ह पाठवतात, आबांना हा नियम फार आवडला, "आपल्याकडं ह्यावरनं डोकी फुटत्यात." ट्रॅक्टर फिरून गेला की कुठल्या फाटीवरची माती ओली, कुठं भुसभुशीत, हे ते माझ्याआधी ओळखायचे. पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी म्हणाले आज बाहेरची माती जड हाय, बाहेरनं जाणारा जिंकंल, जोर तिथं लागतोय. आणि त्या दिवशी बाहेरून तीन जण निघाले. आजींनी त्यांच्याकडे असं बघितलं!

कौतुक झालं, आता रड.

एक, पाऊस. हा खेळ पावसात होत नाही आणि स्कॉटलंडमध्ये पावसाशिवाय काही होत नाही. एका बाहेरच्या मैदानावर, नाव घेत नाही, आम्ही दोन तास गाडी मारून गेलो, पार्किंग केलं, डब्यातले थालीपीठ उघडले आणि मॅच रद्द. ढग सकाळपासून होते, निर्णय दुपारी घेता आला असता. तिकीट पुढच्या मॅचला चालेल म्हणाले, पण पुढची मॅच मंगळवारी, आणि मंगळवारी मी काय नोकरी सोडून येऊ? बायकोनं त्या दिवशी जो टोमणा मारला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

दोन, गेस्ट रायडर. हे प्रकरण मला आजपर्यंत पचलेलं नाही. आपला रायडर जखमी झाला किंवा दुसरीकडे अडकला तर तितक्याच किंवा कमी सरासरीचा दुसऱ्या टीमचा रायडर एका रात्रीपुरता उसना आणता येतो. म्हणजे गेल्या शुक्रवारी ज्याला आपण शिव्या घातल्या तोच आज आपला जर्सीवाला. गल्लीत क्रिकेट खेळताना माणसं विषम झाली की एक जण दोन्हीकडून बॅटिंग करायचा, तसलं. त्यावर आणखी एक आर-आर नावाची सोय, की जखमी माणसाच्या राइड टीममधल्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. त्यात बरेच रायडर वरच्या लीगमध्येही धावतात, दोन टीम, दोन जर्सी. नव्या माणसाला हे समजावता समजावता तीन हीट निघून जातात. याचं कारण मला कळतं, रायडर कमी आहेत आणि मोडतात जास्त, पण कारण कळलं म्हणून चव सुधारत नाही.

तीन, ही जरा मोठी तक्रार, लीगमध्ये वर-खाली जाणं नाही. रणजीत प्लेट गटातून जिंकून वर चढतात तसं इथं काही नाही, वर जायचं की खाली ते क्लब आपल्या खिशाकडे बघून ठरवतो. लेस्टर २०१९ ला ही लीग जिंकलं आणि वर गेलं २०२३ ला. पूल पायरेट्स हा वरच्या लीगमधला दादा क्लब, कितीतरी टायटल, तो २०१९ नंतर स्वतःच खाली उतरला आणि मग २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षं लीग पण त्यांची आणि नॉकआउट कप पण त्यांचाच. आठवीच्या पोराला सहावीत बसवून पहिला नंबर काढल्यासारखं. पूलचे लोक म्हणतील आम्ही बुडालो नाही हे महत्त्वाचं, आणि तेही खरंच. कारण बुडालेले किती बघा, वर्किंग्टननं २०१८ ला एकाच सीझनमध्ये तीन ट्रॉफ्या जिंकल्या आणि त्याच वर्षी दुकान बंद. ईस्टबर्ननं २०२१ मध्ये, न्यूकॅसलनं २०२२ मध्ये अर्ध्या सीझनमधूनच अंग काढून घेतलं. २०२३ ला आम्ही बसलो तेव्हा नऊ टीम उरल्या होत्या. ग्लासगो, एडिनबरा, बेरिक, रेडकार, स्कंथॉर्प, बर्मिंगहॅम, ऑक्सफर्ड, पूल, प्लिमथ. ऑक्सफर्डचं मात्र कौतुक, २००७ ला बंद पडलेलं स्पीडवे २०२२ ला परत सुरू केलं त्यांनी.

या नऊमधली बाहेरची मैदानं आम्ही दोनच केली (तिसरं ते पावसाचं). एडिनबरा मोनार्क्स खरं तर तेव्हा एडिनबरात नव्हतेच, आर्मडेलला होते, ग्लासगोहून थेट ट्रेन, ट्रॅक छोटा, २६० मीटर, सरळ भाग येतो न येतो तोच वळण, मजा येते पण धाप लागते बघणाऱ्यालाच. ग्लासगो-एडिनबरा डर्बी म्हणजे काय तर सांगली-कोल्हापूर, मारामारी नाही, टोमणे. बेरिकचं शीलफील्ड पार्क त्याहून भारी, फुटबॉलच्या मैदानाभोवती ट्रॅक, गाव इंग्लंडमध्ये पण तिथली फुटबॉल टीम स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळते. शनिवारी मॅच असते, सकाळी जाऊन समुद्र बघा, संध्याकाळी शेल खा. खा म्हणजे अक्षरशः, वळणावर उभे राहाल तर चहात, केसात, पायमध्ये (ते मटणाचं पाय, आपलं पाऊल नव्हे) सगळीकडे खडी. चहाला झाकण घ्या आणि पांढरे कपडे घालू नका, माझा एक शर्ट गेला.

पडण्याबद्दल लिहायचं की नको ठरवत होतो. सीझनमध्ये एकदा तरी असं होतं की चार आवाजांतला एक आवाज अचानक बंद होतो, लाल दिवे लागतात, आणि हजार-दोन हजार लोक एकदम गप्प. वळणांवर हवेचे फुगवलेले कठडे असतात, अँब्युलन्स आत उभीच असते, तिच्याशिवाय रेस सुटत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो पोरगा दहा मिनिटांनी उठून हात हलवून गेला, पण त्या दहा मिनिटांत आजींनी पेन बंद करून ठेवलं आणि आबांनी टोपी काढली. पूलचा डार्सी वॉर्ड, ज्याला लोक पुढचा वर्ल्ड चॅम्पियन म्हणायचे, २०१५ मध्ये पोलंडला पडला आणि कायमचा व्हीलचेअरवर गेला, हे त्या शांततेत कुणीतरी हळू सांगितलं. लहान पोरांना नेणार असाल तर कानाला मफ घ्या हे सगळेच सांगतात, मी म्हणेन याचीही तयारी ठेवा.

पैशाचं म्हणाल तर तिकीट सिनेमापेक्षा महाग, मोठ्या फुटबॉल मॅचपेक्षा बरंच स्वस्त. सीझन पास घेतला तर परवडतं, पण पास घ्या म्हणजे जाणार आहात तरच घ्या. घरबसल्या ब्रिटिश स्पीडवे नेटवर्कवर स्ट्रीमिंग असतं, मी दोन मॅच तशा बघितल्या, ठीक. वास नाही, खडी नाही, आजी नाहीत. स्क्रीनवर वेगही कळत नाही, तिथं कठड्याला उभं राहिल्यावर छातीत जे धडधडतं ते कॅमेऱ्यात येत नाही.

टायगर्सचं पुढं काय झालं ते शोधाल तर मिळेलच. ऑक्टोबरमध्ये फायनल, समोर पूल, सलग तिसऱ्या टायटलच्या नादात आलेले, दोन लेगची (एक घरी, एक बाहेर) बेरीज. ग्लासगोनं याआधी लीग जिंकली होती २०११ ला, मधली बारा वर्षं कोरडी. आबांचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं, ते पुढं ढकलता येईना कारण गावाकडं सोयाबीन काढायला आलेलं. तर घरच्या लेगला मी एकटा, शेजारी आजी, आणि कानात फोन. तिकडे मध्यरात्र उलटलेली. आबांनी जाताना एक कोरा प्रोग्रॅम घेऊन ठेवला होता, रायडरची नावं फोनवर माझ्याकडून लिहून घेतली होती, आणि मी प्रत्येक हीटनंतर सांगत होतो, लाल तीन, पिवळा दोन, निळा एक. मधेच आई ओरडल्याचा आवाज, झोपा आता. आजी हातानं खूण करून विचारायच्या, भरलं का त्यांनी?

जिंकलो. बारा वर्षांनी. लोक रडत होते, मी पण थोडा, थंडीमुळं असेल.

रेटिंग पाचपैकी चार, एक पॉइंट गेस्ट रायडरचा कापला, पावसाचा कापत नाही. आबांच्या प्रोग्रॅममध्ये नववी हीट अजून रिकामी आहे, तेवढ्यात गावाकडं लाइट गेली आणि रेंज पण. मी नंतर तीनदा सांगितली तरी भरत नाहीत, म्हणतात ऐकली न्हाई ती लिहायची न्हाई.